जिममध्ये आपलेच विद्यार्थी असतील तर?

प्रश्न: मी ३४ वर्षांचा आहे. तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. वजन ९६ किलो. मागच्या तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर सांगणारा आकडा, ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, शुगर अजून लागलेली नाही, पण दारात उभी आहे, व्यायाम सुरू करा. दिवाळीनंतर वर्षाची फी भरून जिम लावली. दोन-तीन दिवस गेलो आणि एका संध्याकाळी माझ्याच बारावीच्या वर्गातली चार पोरं तिथे दिसली. मी ट्रेडमिलवरून उतरलो आणि घरी आलो. तेव्हापासून बूट घालतो, गाडी काढतो आणि जिमच्या दारावरून पुढे निघून जातो. छाती धडधडते. बायको म्हणते, आधी घरीच थोडं वजन उतरवा, मग जा. ही भीती घालवू कशी? आणि भरलेल्या फीचं काय करू?

उत्तर:

सर, आधी वहिनींच्या सल्ल्याबद्दल. सल्ला मायेचा आहे, पण ऐकू नका. ‘वजन उतरवून मग जिम’ हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की त्याची दुसरी बाजूही पाठ झालीय. काडीसारखी पोरं येऊन सांगतात, ‘मॅडम, आधी घरीच थोडे दंड भरू द्या, मग जिम लावतो.’ जाडाला बारीक होऊन जायचंय, बारक्याला भरून जायचंय. नवखा म्हणून दिसायला दोघंही तयार नाहीत. तुमचं दुखणं ९६ किलोत नाहीच. वर्गात ज्याचा शब्द शेवटचा, त्या माणसाला त्याच पोरांसमोर पाच किलोचं डंबेल थरथरत्या हातानं उचलायचंय, हे दुखणं आहे. वजन ८० वर आलं तरी ते तिथेच असेल.

मी जळगावात समुपदेशन करते. रावेर-यावलपासून पारोळा-एरंडोलपर्यंतची माणसं येतात. ‘जिमची भीती वाटते’ म्हणून सहसा कुणी येत नाही. झोप, चिडचिड, वाढलेली शुगर असं काहीतरी घेऊन येतात आणि बोलता बोलता हे निघतं. हे सगळं इन्स्टाग्रामनं केलं असं मानायची पद्धत आहे, पण आपलं शरीर दुसरे पारखताहेत या भीतीचं मोजमाप करणारी प्रश्नावली अमेरिकेत १९८९ सालीच तयार झाली होती. तेव्हा हातात मोबाइलही नव्हते.

जिमबद्दलच्या सल्ल्यांमध्ये एक वाक्य हमखास असतं: तिथे तुमच्याकडे कुणी बघत नाही. पुण्या-मुंबईत असेल तसं. तालुक्याच्या गावात बघतात हो. ‘सर जिमला लागले’ ही बातमी दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाच्या आत स्टाफरूमला पोचते, तिसऱ्या दिवशी भाजीवाली विचारते. तेव्हा ‘कुणी बघत नाही’ असं खोटं मी तुम्हाला सांगणार नाही. ते एकदा खोटं ठरलं की माझ्या पुढच्या शब्दावरही तुमचा विश्वास बसणार नाही.

मात्र लोक किती बघतात, याचा आपला अंदाज फार फुगलेला असतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली याबद्दलचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातला एक असा: एका विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो नावाच्या गायकाचा चेहरा छापलेला टीशर्ट घालायला लावायचा. तिथल्या पोरांना तो टीशर्ट घालणं म्हणजे मान खाली जाण्यासारखं. तसाच त्याला इतर मुलं बसलेल्या खोलीत पाठवायचं. ‘किती जणांनी ओळखलं असेल?’ असं विचारल्यावर टीशर्टवाल्यांचा अंदाज निम्म्याच्या आसपास होता. प्रत्यक्षात जेमतेम चौथ्या हिश्शाच्या लक्षात आलं होतं. म्हणजे आकडा शून्य नव्हता, पण मनातल्या आकड्याच्या अर्धाच होता. गणिताच्या माणसाला हा फरक कळायला वेळ लागू नये. शिवाय जिमच्या भिंतींना आरसे असतात. त्या वयाचं पोरगं आरशासमोर उभं असेल तर त्याला स्वतःच्या दंडापलीकडे फारसं काही दिसत नाही. तुमच्या वर्गातल्या त्या चौघांनाही त्या संध्याकाळी बहुधा वेगळीच धास्ती होती: सर घरी फोन करून सांगतील, परीक्षा तोंडावर आली नि तुमचा मुलगा जिममध्ये दिसतो.

आता मुख्य प्रश्न, भीती कशी घालवायची. तुमचा क्रम असा आहे: आधी भीती जाईल, मग मी जाईन. हा क्रम चालत नाही. जिमच्या दारावरून गाडी पुढे नेता तेव्हा काय होतं आठवा. चौक ओलांडला की छाती हलकी होते. बरं वाटतं ना? घात इथेच होतो. डोक्यानं नोंद केली: दार धोक्याचं, पळालो म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी ते दार आणखी मोठं होतं. आत गेला असता तर काय झालं असतं, हे मात्र कधी तपासलंच जात नाही. धडधड चढते आणि चढतच जाईल असं वाटतं. पण जागेवर थांबलं तर ती बहुतेक वेळा काही मिनिटांत उतरू लागते. आणि एखाद्या दिवशी नाहीच उतरली तरी बिघडत नाही. पूर्वी आम्ही भीती उतरेपर्यंत माणसाला तिथेच थांबवण्यावर फार भर द्यायचो. आता आमच्या क्षेत्रात दुसऱ्या गोष्टीला जास्त महत्त्व आलंय: ज्या आपत्तीची खात्री होती ती आली नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघणं. धडधडत्या छातीनं बघितलं तरी चालतं.

म्हणून पहिलं साधन एक वही. जाण्याआधी त्यात अंदाज लिहायचा, आल्यावर प्रत्यक्ष काय झालं ते लिहायचं. ‘भीती वाटेल’ असं मोघम नको. पडताळून बघता येईल असं हवं. माझ्याकडे येणाऱ्या भुसावळच्या एका बाईंची एक नोंद त्यांना विचारून इथे देते, ओळख पटेल असे तपशील काढून. अंदाज: ‘मी मशिनवर चुकीची बसेन, तिथल्या दोघी तरी हसतील, ट्रेनर सगळ्यांसमोर बोलेल. भीती १०० पैकी ८५.’ प्रत्यक्ष: ‘चुकीची बसले. एकीनं सांगितलं, ताई, तोंड तिकडे करून बसा. हसलं कुणी नाही. ट्रेनर मोबाइलवर होता. भीती ६०.’ यात चूक झालीच होती, हे बघा. तीनपैकी एक भाकीत खरं ठरलं, तरी त्यामागून यायची होती ती आपत्ती आली नाही. हे ० ते १०० चं मोजमाप मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांचं. भीतीवरच्या उपचारांत ते कित्येक दशकं वापरात आहे. तुम्हाला आकड्यांची सवय आहे, तुमची वही बाईंच्या वहीपेक्षा नेटकी होईल.

दुसरी गोष्ट हाताच्या थरथरीची. नवं काम लोकांसमोर करताना ते बिघडतं, यात तुमच्या स्वभावाचा काही दोष नाही. मानसशास्त्रज्ञ नॉर्मन ट्रिप्लेट यांनी १८९८ साली मांडलं होतं की सायकलस्वार एकट्यापेक्षा इतरांच्या सोबतीनं जास्त वेगात जातात. पुढे उलट अनुभवही येऊ लागले, सोबतीमुळे काम बिघडतं असेही. हा घोळ १९६५ साली रॉबर्ट झायन्स या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञांनी सोडवला. जे अंगवळणी पडलंय ते लोकांसमोर सुधारतं, जे नवं आहे ते लोकांसमोर बिघडतं. हे त्यांनी चक्क झुरळांवर करून दाखवलं, १९६९ साली. सरळ वाटेनं पळायचं होतं तेव्हा बघायला दुसरी झुरळं असली की झुरळ जोरात पळालं. वळण घ्यावं लागणाऱ्या वाटेत मात्र प्रेक्षक असले की त्यालाच जास्त वेळ लागला. प्रेक्षकांसमोर झुरळाचंही अवघड काम बिघडतं, तर आपण कोण!

यातून एक सरळ व्यवहार निघतो: पहिल्यांदा शिकायचं ते घरी, दार लावून, आणि जिममध्ये न्यायचं ते अंगवळणी पडलेलं. वहिनींच्या सल्ल्यातला ‘घरी’ एवढा भाग आपण ठेवू. फक्त घरी वजन उतरवायचं नाही, हालचाली शिकायच्या, आणि मुदत दोन आठवडे, त्याहून जास्त नाही. खुर्चीसमोर पाठ करून उभं राहायचं, ढुंगण मागे नेत खुर्चीला नुसतं टेकवायचं आणि उठायचं. भिंतीला हात लावून दंड काढायचे. केरसुणीचा नाही, पोछ्याचा लांब दांडा पाठीवर उभा धरायचा, एक हात मानेमागे, एक कमरेमागे. दांडा डोक्याला, पाठीला आणि माकडहाडाला तिन्हीकडे टेकलेला ठेवून कमरेतून वाकायचं. दांडा कुठे सुटला तर पाठ वाकली. जिममध्ये खालून वजन उचलण्याचे जेवढे प्रकार आहेत, त्यांचा पाया हाच. चौथं, वह्या भरलेली शाळेची बॅग एका हातानं कमरेकडे ओढायची. एवढ्या चार गोष्टी झोपेतून उठवलं तरी यायला हव्यात. मग जिममध्ये डंबेल हातात आलं तरी शरीर जुनंच काम करत असेल.

जुन्या तालमीत ही अडचण फारशी नव्हती, असं मला वाटतं. नवं पोरगं आलं की वस्ताद त्याला आधी आखाड्याची माती उकरायला लावायचे, मग बैठका, मग कुणाच्या तरी अंगाला तेल. पोराला काही येत नसलं तरी पहिल्या दिवसापासून त्याला काम होतं आणि जागा होती. आजच्या जिममध्ये फी घेतात, एक कार्ड देतात आणि माणूस मध्ये उभा राहतो. काय करायचं कळत नाही, हात कुठे ठेवायचे कळत नाही. मग लक्ष आपोआप स्वतःवर जातं: पोट दिसतंय का, घाम आलाय का, कोण बघतंय. तेव्हा दारातून आत जाण्याआधी खिशातल्या चिठ्ठीवर त्या दिवसाचं काम लिहिलेलं असू द्या. ट्रेडमिल दहा मिनिटं, हे मशिन दोन सेट (न थांबता सलग केलेल्या उचली म्हणजे एक सेट), ते मशिन दोन सेट, घर. अर्ध्या तासात बाहेर. आणि लक्ष स्वतःवर परत आलं की बाहेर वळवायचं: गाणं कोणतं लागलंय, पंखे किती आहेत, समोरच्या डंबेलवर आकडा काय. क्षुल्लक वाटेल, पण धडधड चालू असताना हे फार उपयोगी पडतं.

काही भीती तर नुसती माहितीच्या अभावाची असते. मशिनच्या वजनांच्या पट्ट्यांत एक पिन खोचलेली असते. ती ओढून हव्या त्या भोकात सरकवायची आणि पूर्ण आत गेली का बघायची. कधी ती घट्ट बसलेली असते, थोडी फिरवून ओढली की येते. सीटखाली एक खटका असतो, तो ओढला की सीट खाली-वर होते. कुणी मशिनवर बसलं असेल तर ‘भाऊ, किती सेट राहिले?’ एवढंच विचारायचं. अहिराणीत विचारलंत, ‘भाऊ, कितला सेट बाकी शेतस?’, तर समोरचा हसून आधी तुम्हालाच बसवेल. वजनाची प्लेट काढली की जागेवर ठेवायची, बसलेल्या जागेचा घाम नॅपकिननं पुसायचा. हे पाळणाऱ्याला जिमवाले पहिल्या आठवड्यातच मान देतात, वजन कितीही उचला. सोमवारी टाळा, त्या दिवशी बऱ्याच जिममध्ये छातीचा व्यायाम असतो आणि बेंचभोवती जत्रा असते. शनिवार निवांत. बहुतेक ठिकाणी सकाळी नऊनंतरही गर्दी ओसरते, तुमच्या कॉलेजच्या वेळेत बसतं का बघा.

आता ज्या भागाला सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा तिथे येते. भीती वाटणारा माणूस नुसता पळत नाही. थांबला तरी लपतो. कानात इअरफोन, पण गाणं बंद, म्हणजे कुणी बोलायला नको आणि कोण काय बोलतंय तेही ऐकू यावं. पोट झाकायला ढगळ, पूर्ण बाह्यांचा काळा टीशर्ट. कोपऱ्यातलीच ट्रेडमिल. दोन सेटच्या मध्ये मोबाइलमध्ये मान. ओळखीचं कुणी आलं की पाणी प्यायला जाणं आणि परत न येणं. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली सामाजिक भीतीचं जे विवेचन केलं, त्यात या लपण्याला फार महत्त्वाची जागा आहे. गोम अशी की दिवस सुखरूप गेला तरी श्रेय त्या टीशर्टला जातं. ‘कुणी काही बोललं नाही, कारण मी कोपऱ्यात होतो.’ भीती जशीच्या तशी राहते, उलट टीशर्ट विसरला तर आता आतच जाता येत नाही. शिवाय लपण्यानंच माणूस जास्त उठून दिसतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो, बऱ्याच जिमवर पत्रा असतो, आणि तिथे एकजण जाड काळे कपडे घालून लालबुंद झालेला. लोक बघणारच. आणि ते प्रकृतीलाही धोक्याचं आहे, चक्कर येऊन पडाल.

हे सगळे आधार एका दिवशी सोडा असं मी म्हणत नाही. पहिले पंधरा दिवस इअरफोन ठेवा, निवांत वेळ निवडा, हरकत नाही. फक्त वहीत त्यांची यादी करा आणि आठवड्याला एक सोडा. निवांत वेळ ही पायरी म्हणून चांगली, कायमची सोय म्हणून वाईट. कॉलेजचं वेळापत्रक बदललं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

पायऱ्या साधारण अशा लावा. पहिल्या दिवशी व्यायामच नाही: निवांत वेळी जायचं, मालकाला भेटायचं, मशिनं फिरून बघायची, पाच-दहा मिनिटं बसायचं आणि यायचं. मग दोन-तीन वेळा त्याच वेळी चिठ्ठीतलं काम. मग आरशासमोर डंबेल, तेही पाचचंच. मग संध्याकाळची वेळ, पोरं असतात ती. प्रत्येक पायरी पुन्हा पुन्हा करायची. वहीतला अंदाज आणि प्रत्यक्ष यांतलं अंतर दिसू लागलं की पुढची. मध्ये एखादा दिवस भीती पुन्हा ९० वर जाईल. जाऊ द्या, चिठ्ठीतलं काम करून या.

शेवटची पायरी वाचून तुम्ही चिडाल. त्या चौघांपैकी एकाला बोलवायचं आणि विचारायचं, ‘अरे, ही सीट खाली कशी करायची रे?’ बस्स. कारण तुमची खरी भीती ‘पोरं बघतील’ ही नाही. ‘मला येत नाही हे पोरांना कळेल’ ही आहे. मग तेच आपण होऊन सांगून टाकायचं. वहीत अंदाज लिहा: हसेल, मित्रांना सांगेल, सोमवारी वर्गात आवाज निघतील. माझा अंदाज मी इथे लिहून ठेवते. ते पोरगं आधी गडबडेल, ‘सर, तुम्ही बी?’ म्हणेल, मग सीट खाली करून देईल आणि न विचारता तुमची पकडही दुरुस्त करील. बारावीच्या पोराला सरांना काही शिकवायची संधी कितीदा मिळते? वर्गात एखाद-दुसरा आवाज निघेलही. निघाला तर ‘हो रे, पाच किलोच उचलतो, तुमच्या परीक्षेपर्यंत दहा’ म्हणा आणि फळ्याकडे वळा. तुम्ही लपवलं नाहीत की चिडवायला काही उरत नाही.

आपण होऊन हसं ओढवून घेण्याची ही युक्ती माझी नाही, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची. विवेकनिष्ठ मानसोपचार, म्हणजे भीतीमागचा अविवेकी विचार तपासून बदलण्याची पद्धत, त्यांनी उभा केला आणि कि. मो. फडके यांनी तो महाराष्ट्रात रुजवला. एलिस तरुणपणी मुलींशी बोलायला भयंकर घाबरायचे. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभर, बाकावर एकट्या बसलेल्या दिसतील त्या अनोळखी स्त्रियांशी बोलायचं ठरवलं. शंभर जणींशी बोलले. एकीनं भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही. हिशोबानं पाहिलं तर सपशेल हार, पण भीती गेली, कारण कुणी पोलीस बोलावले नाहीत की आभाळ कोसळलं नाही. पुढे ते रुग्णांना असले उद्योग मुद्दाम करायला लावत. त्यांचा गाजलेला गृहपाठ म्हणजे केळ्याला दोरी बांधून कुत्र्यासारखं ओढत रस्त्यानं फिरायचं. आपल्याकडे हा उपाय चालेल असं वाटत नाही. जळगावात केळं घेऊन फिराल तर लोक हसायच्या आधी भाव विचारतील.

धडधडीबद्दल थोडं. भीतीत हृदय जोरात चालतं, श्वास वाढतो, घाम येतो, तोंड कोरडं पडतं. व्यायामातही नेमकं हेच होतं. घाबरलेला माणूस ट्रेडमिलवर चढला की व्यायामाच्या धडधडीला तो ‘आता काहीतरी होणार’ असं समजतो आणि भीती दुप्पट होते. याची सवय घरी करता येते: जिना दोन-तीनदा भरभर चढायचा, धडधड येऊ द्यायची, उभं राहून ती उतरताना बघायची. पण त्याआधी तुमच्या डॉक्टरांकडून रक्तदाब आणि हृदयाचं एकदा बघून घ्या. वजन आणि शुगरचा काठ बघता ते व्हायलाच हवं. छातीत दाब, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात जाणं, डोळ्यांपुढे अंधारी, हे आलं तर मनाला समजावत बसायचं नाही. थांबायचं आणि सरळ दवाखाना. जिमला जाण्याआधी कडक चहा-कॉफी नको, आणि कुणी ‘प्री-वर्कआउट’ म्हणजे व्यायामाआधी घ्यायच्या पावडरचा डबा पुढे केला तर हात जोडा. त्यात बहुधा भरपूर कॅफिन असतं. घाबरट छातीला ते आगीत तेल.

शुगरच्या दृष्टीनं तुमचं काम आटोक्यातलं आहे. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या अलीकडचा टप्पा मानतात, तुम्ही त्याच्या मध्यावर आहात. काम करणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो, म्हणून नुसत्या चालण्याला वजनांची जोड दिली तर फायदा जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितलाय. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतपत. तेव्हा रोज जिमला जायचं ओझं घेऊच नका. दोन दिवस जिम, बाकीचे दिवस चालणं. आणि जिम नकोच असं ठरवलंत, मैदान किंवा पोहणं घेतलंत, तरी माझी ना नाही. आवडीनं घ्या मात्र. पोरांना टाळायला मैदान निवडलंत तर उद्या पोरं तिथेही येतील.

हाच प्रश्न बायकाही विचारतात, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. लेडीज बॅच असेल तर खुशाल घ्या, ते लपणं नाही. कुर्ता आणि ट्रॅकपँटमध्ये सगळा व्यायाम होतो, ओढणी मात्र घरी ठेवा, केबलच्या मशिनमध्ये अडकते. एक फरक नीट लक्षात ठेवा. ‘बघतील’ ही धास्ती वेगळी आणि कुणी चोरून व्हिडिओ काढतोय, ट्रेनर गरज नसताना अंगाला हात लावतोय, हे वेगळं. दुसऱ्या गोष्टीची सवय करायची नसते. मालकाला तिथल्या तिथे सांगायचं, जिम सोडायची, गरज पडली तर पोलिसांत जायचं.

सर, एक तपासून बघा. ही भीती जिमपुरतीच आहे का? लग्नात पंगतीला बसणं, मीटिंगमध्ये बोलणं, चार लोकांसमोर सही करणं, अशा ठिकाणीही सहा महिन्यांहून जास्त काळ जीव घाबरा होत असेल आणि तुम्ही ते टाळत असाल, तर प्रकरण जिमच्या पुढचं आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत. मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी फोन क्रमांक आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातही मानसोपचाराची ओपीडी असते. तुम्ही वर्गात रोज साठ-सत्तर पोरांसमोर उभे राहता, त्यावरून तुमचं तसं नसावं असं वाटतं. पण बघा.

राहिली फी. तुम्ही गेलेल्या पैशाचा विचार करकरून आणखी लांब पळताय. पहिल्या पायरीवर मालकाला भेटाल तेव्हा सरळ म्हणा, ‘मध्ये येणं झालं नाही, तेवढे दिवस पुढे धरता येतील का?’ तालुक्याच्या जिमचे मालक बहुतेक वेळा धरतात. नवं गिऱ्हाईक आणण्यापेक्षा जुनं परत आलेलं त्यांना परवडतं, आणि कोण जाणे, तो तुमचाच जुना विद्यार्थी निघायचा. नाही म्हणाला तर उरलेले महिने तरी तुमचेच आहेत. पुढच्या वेळी वर्षाची सवलत कितीही दाखवली तरी महिन्याचीच फी भरा.